तेल्यावर टीबीचं औषध

नोव्हेंबरात अँटिबायोटिक जागृतीचा सप्ताह येतो, १८ ते २४. दवाखान्यात पोस्टर लागतात: गोळ्यांचा कोर्स पूर्ण करा, मनाने औषधं घेऊ नका. बरोबरच आहे. पण जंतू औषधांना जुमानेनासे झाले याचं सगळं खापर पेशंटच्या माथी फोडून ही मोहीम दवाखान्याच्या दारातच थांबते. आमच्या मराठवाड्यात शिवारात जे चाललंय त्याबद्दल कुणी ब्र काढत नाही.

डाळिंबवाल्या कुणालाही विचारा. मृग बहार (पावसाळ्याच्या तोंडचा फुलोरा) धरला, आभाळ भरून आलं, झिमझिम लागली की फळावर तेलकट काळे डाग. तेल्या, डाळिंबाचा जिवाणूचा रोग! मग कृषी सेवा केंद्रातून सहा ग्रॅमच्या पुड्या आणि जोडीला कॉपर ऑक्सिक्लोराईड, म्हणजे तांब्याचं औषध. त्या पुडीत ९० टक्के स्ट्रेप्टोमायसिन आणि १० टक्के टेट्रासायक्लिन असतं. स्ट्रेप्टोमायसिन म्हणजे क्षयावर गुण देणारं पहिलं अँटिबायोटिक. घरात जुना टीबीचा पेशंट असेल तर ती सुई आठवत असेल. १९४३ मध्ये अमेरिकेत अल्बर्ट शाट्झ नावाच्या विद्यार्थ्याला ते मातीतल्या जिवाणूपासून मिळालं. (१९५२ चं नोबेल मात्र एकट्या गुरूला, वाक्समनला. संशोधनातही खळं एकाचं, रास दुसऱ्याची असते.) तेच औषध आज आपण ब्लोअरने मारतो आणि निम्मंशिम्मं जमिनीवर गळतं.

जमिनीत तर आधीपासूनच लढाई चालू आहे. पहिल्या पावसात मातीचा वास सुटतो तो बराचसा स्ट्रेप्टोमायसिस जिवाणूंचा, आणि आपली कितीतरी अँटिबायोटिक्स याच कुळातली. जो विष बनवतो त्याच्याकडे स्वतःपुरता उतारा असतोच, शेजारीपाजारीही शिकून घेतात. कॅनडातल्या युकॉनमध्ये ३० हजार वर्षांपूर्वी गोठलेल्या मातीत टेट्रासायक्लिनला दाद न देणारी जनुकं सापडली, २०११ मध्ये ते छापून आलं. तेव्हा कुठला डॉक्टर आणि कुठलं मेडिकल!

मग आपण फवारलं तर बिघडलं काय, असं एका मित्राने विचारलं. बिघडतं ते असं: लाखात एखाद्या जिवाणूकडे असलेला उतारा एरवी त्याला ओझंच असतो. आपण औषध मारलं की बाकीचे मरतात आणि रान त्या एकट्याला मोकळं होतं. शिवाय ही जनुकं प्लास्मिडवर (जिवाणूतल्या डीएनएच्या सुट्या कड्यावर) बसून एका जातीच्या जिवाणूतून दुसऱ्या जातीत जातात. तांब्याचा आणि औषधाचा उतारा कधी कधी एकाच प्लास्मिडवर असतो, म्हणजे नुसतं कॉपर मारलं तरी दोन्ही टिकतात. आणि शेतकऱ्याचा तरी फायदा कुठं? कॅलिफोर्नियातल्या नासपतीच्या बागांत १९७१ मध्येच रोगाचा जिवाणू स्ट्रेप्टोमायसिनला पुरून उरला होता.

गोठ्यात वेगळंच. गायीला दगडी (कासेची सूज) झाली की सडात अँटिबायोटिकची ट्यूब सोडतात. तेवढे दिवस दूध डेअरीला घालायचं नाही हे सगळ्यांना माहीत असतं, म्हणून ते वासराला पाजतात! त्याच्या पोटात औषधाला न जुमानणारे जे जिवाणू तयार होतात ते शेणातून उकिरड्यावर आणि तिथून शेणखताबरोबर मेथी-कोथिंबिरीच्या वाफ्यात. टेट्रासायक्लिनचा बराचसा भाग जनावराच्या अंगातून जसाच्या तसा बाहेर पडतो, हे वेगळंच.

सरकारला कळत नाही असं नाही. कोंबड्या-जनावरांना कोलिस्टिन देण्यावर २०१९ मध्ये बंदी आली, तीही दवाखान्यातलं शेवटचं हत्यार बोथट होऊ लागल्यावर. पिकावरची स्ट्रेप्टोमायसिन-टेट्रासायक्लिनची जोडगोळी बंद करायचा मसुदा डिसेंबर २०२१ मध्ये निघाला. माझं म्हणणं, माणसाचं औषध झाडावर मारणं कागदाची वाट न बघता आपणच सोडावं. तेल्याचा जोर असेल तिथं मृग सोडून हस्त बहार (पावसाळा सरतानाचा) धरावा, छाटणीची कात्री प्रत्येक झाडाला निर्जंतुक करावी, डागी फळं बांधावर न टाकता जाळावीत. थोडा माल कमी येईल, ते मला मान्य आहे. दगडीचं दूध खड्ड्यात ओता. शेणखत ओलं टाकू नका, नाडेपमध्ये (विटांच्या जाळीदार खत-टाकीत) नीट तापून कुजू द्या. सगळी जनुकं त्याने जात नाहीत, पण बरीच कमी होतात. आणि दुकानदाराने न मागता पुडी पुढे केली तर आधी विचारा, हा रोग जिवाणूचा आहे की बुरशीचा? बुरशीच्या करप्यावरसुद्धा ती देणारे मी पाहिलेत.