हॉट टबला ‘केमिकल लागतच नाही’ म्हणणाऱ्या त्या मेसेजबद्दल

परवा रात्री ताईचा फोन आला. नवीन हॉट टब, म्हणजे गरम पाण्यात बसायचा टब, घरी येऊन पडलाय, शनिवारी पाणी भरायचं ठरलंय, सगळे खूश. बोलता बोलता म्हणाली, "अरे, तू ती सामानाची यादी दिलेलीस ना, ती मी रद्द केली. काही लागत नाही म्हणे त्यातलं, घरातल्या वस्तूंवर भागतं." कोण म्हणे? तर एक फॉरवर्ड. तोच मेसेज मला आधी दोन ग्रुपवर आला होता आणि मी न वाचता सोडून दिला होता. तेव्हाच उत्तर द्यायला हवं होतं, कारण ताईच्या घरात तिच्या सासूबाई आहेत, त्यांना सीओपीडी, म्हणजे फुप्फुसाचा जुना दम लागण्याचा आजार, आहे, आणि टब मुळात त्यांचे गुडघे शेकायला बरा म्हणून घेतलाय.

मेसेज लांबलचक आहे, थोडक्यात सांगतो. विक्रेत्यांच्या केमिकलच्या जाळ्यात अडकू नका. ४० डिग्रीला जंतू मरतातच. टबला ओझोन सोडणारं यंत्र असेल तर बाकी काही नको. पीएचला, म्हणजे पाण्याची आम्लता जागेवर ठेवायला, व्हिनेगर आणि बेकिंग सोडा पुरे. आठवड्यातून एकदा अर्धी बाटली ब्लीच टाका, पण वास येऊ नये म्हणून आधी बादलीत व्हिनेगर मिसळून घ्या. पाणी काचेसारखं दिसतंय तोवर टेस्ट कशाला. क्लोरीनचा वास आला म्हणजे क्लोरीन जास्त झालं. पाणी वर्षातून एकदा बदललं तरी चालतं.

क्रम सोडून आधी बादलीचं बोलतो, कारण बाकीच्या चुकांनी माणूस आजारी पडायला काही दिवस तरी लागतात, या चुकीला काही सेकंद पुरतात. ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, त्यात कुठलंही आम्ल पडलं, मग ते व्हिनेगर असो नाहीतर बाथरूम साफ करायचं अ‍ॅसिड, की क्लोरीन वायू सुटतो. १९१५ साली पहिल्या महायुद्धात ईप्रच्या आघाडीवर सैनिकांवर सोडला होता तोच हा वायू. बादलीवर वाकून ढवळणाऱ्याच्या थेट नाकातोंडात जातो, आणि बंद जागेत असाल तर बाहेर पडेपर्यंत फुप्फुसांना इजा झालेली असू शकते. "वास येऊ नये म्हणून" मिसळा असं लिहिलंय! ताईने व्हिनेगर आणि ब्लीच आणून एकाच फळीवर शेजारी शेजारी ठेवलं होतं, मी फोनवरच तिला ते वेगळं करायला लावलं. ज्याने कुणी हे वाक्य लिहिलं त्याने ते स्वतः कधी करून बघितलेलं नाही, एवढं मी खात्रीने सांगतो.

आता ४० डिग्री. मेसेजचा सगळा डोलारा या एका वाक्यावर उभाय आणि ते शंभर टक्के उलटं आहे. पाणी उकळलं की जंतू मरतात हे आपण लहानपणापासून ऐकलेलं असतं, त्यामुळे "गरम म्हणजे स्वच्छ" हे डोक्यात पक्कं बसतं. पण उकळतं पाणी १०० डिग्रीचं आणि टबचं जास्तीत जास्त ४०, यात केवढा फरक आहे. ४० हे कोमट पाणी झालं, माणसाच्या अंगापेक्षा जेमतेम तीन डिग्री जास्त. माणसाच्या अंगात वाढणाऱ्या जंतूंना अंगाच्या तापमानाचं पाणी आवडणारच ना? लिजिओनेला नावाचा जिवाणू २५ ते ४५ डिग्रीच्या मध्ये सगळ्यात जोमाने वाढतो. म्हणजे टबचं तापमान त्याच्या आवडीच्या पट्ट्यात बरोबर येतं. गरम पाण्याने तो मारायचा तर ६० च्या वर न्यावं लागतं, आणि त्या पाण्यात माणूस भाजेल.

हा जिवाणू १९७६ मध्ये फिलाडेल्फियात माजी सैनिकांच्या अधिवेशनात लोक न्यूमोनियाने दगावले तेव्हा पहिल्यांदा लक्षात आला, नावही त्यांच्या ‘अमेरिकन लीजन’ संघटनेवरूनच पडलं. तो शरीरात जातो बहुतेक वेळा श्वासातून, पाण्याच्या बारीक तुषारांबरोबर. आणि हॉट टब काय करतो? जेटने पाणी घुसळतो, बुडबुडे फुटतात, आणि तुमच्या नाकासमोर एक तुषारांचा ढग तयार होतो.

यावर मला घरच्याच एकाने सांगितलं की अरे इतके लोक वापरतात, कुणाला काय होतं. तर ऐका. १९९९ च्या फेब्रुवारीत नेदरलँड्समध्ये बोव्हेनकार्स्पेल गावी फुलांचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. तिथे एका दालनात विक्रीसाठी मांडलेला, पाणी भरून चालू ठेवलेला एक व्हर्लपूल टब होता. लोक आले होते फुलं बघायला, बाजूने चालत गेले. दोनशेच्या आसपास लोकांना लिजिओनेलाचा न्यूमोनिया झाला आणि वीसहून जास्त माणसं गेली. तपासात बोट त्या टबकडे गेलं. टबात न बसता, नुसतं शेजारून गेल्यामुळे! ज्यांना वाटतं ना की "आपण घरचेच दोघंतिघं बसणार, काय होतंय", त्यांनी हे दोनदा वाचावं. आणि यात जास्त धोका कुणाला? पन्नाशीच्या पुढचे, सिगारेट ओढणारे, फुप्फुसाचा जुना आजार असणारे, प्रतिकारशक्ती कमी असणारे. म्हणजे ताईच्या सासूबाई या यादीत दोन ठिकाणी बसतात.

लिजिओनेलाच्या खालोखाल स्युडोमोनास नावाचा जिवाणू आहे, जिवाला सहसा घोर लावत नाही पण अंगावर खाजरे लाल फोड आणतो, विशेषतः ओला स्विमसूट चिकटून राहतो तिथे. त्याला इंग्रजीत सरळ हॉट टबच्याच नावाने रॅश म्हणतात, एवढं ते नेहमीचं आहे.

मग पाण्यात किती औषध हवं? अमेरिकेच्या सीडीसीचे, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेचे, आकडे मी धरून चालतो कारण ते कुणाला काही विकत नाहीत. क्लोरीन असेल तर मोकळं, म्हणजे अजून कशाला न चिकटलेलं, क्लोरीन कमीत कमी ३ पीपीएम (दहा लाख भाग पाण्यात ३ भाग), ब्रोमीन हे त्याच्यासारखंच दुसरं जंतुनाशक असेल तर कमीत कमी ४, पीएच ७ ते ७.८, तापमान ४० च्या वर नाही. आणि एक गोष्ट जी दुकानातसुद्धा फार कुणी सांगत नाही, सीडीसी हॉट टबसाठी सायन्युरिक अ‍ॅसिड असलेलं, म्हणजे स्टॅबिलायझरवालं (उन्हात टिकावं म्हणून हे मिसळलेलं) क्लोरीन वापरू नका म्हणते. टबसाठी म्हणून मिळणारं दाणेदार क्लोरीन पुष्कळदा डायक्लोर असतं आणि त्यात सायन्युरिक अ‍ॅसिड असतंच. दर १० पीपीएम क्लोरीनमागे साधारण ९ पीपीएम ते पाण्यात मागे राहतं, उडून जात नाही, साठत जातं आणि क्लोरीनची धार बोथट करतं. म्हणून डबा घेताना मागचं लेबल वाचा. मी ताईला ब्रोमीन घ्यायला सांगितलंय, गरम पाण्यात जास्त टिकतं आणि पीएच थोडा वर गेला तरी क्लोरीनइतकं ढिलं पडत नाही. फक्त उन्हाने उडतं, त्यामुळे टबवर झाकण हवंच.

"पाणी काचेसारखं तर टेस्ट कशाला" याच्यावर खरं तर वेगळं बोलायला नको. जिवाणू डोळ्याला दिसत नाहीत. पाणी गढूळ होतं तेव्हा खूप उशीर झालेला असतो, आणि स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यात क्लोरीन शून्य असू शकतं. पीएचचं तर बघूनही कळत नाही, पण क्लोरीनचं काम त्याच्यावरच अवलंबून. ७.५ ला क्लोरीनचा साधारण निम्मा भाग जंतू मारणाऱ्या रूपात असतो, ८ ला जेमतेम पाव. म्हणजे तेवढंच औषध टाकून अर्धंच काम. त्यात टब लहान. समजा १,२०० लिटरचा टब आणि चार माणसं, म्हणजे माणशी ३०० लिटर. तेवढ्याच दाटीने ५०,००० लिटरच्या स्विमिंग पूलमध्ये लोक उतरवायचे तर दीडशेच्या वर उतरवावे लागतील. घाम, तेल, क्रीम सगळं त्या एवढ्याशा पाण्यात, वर गरम आणि घुसळलेलं, त्यामुळे औषध भराभर खर्च होतं, सकाळी बरोबर असलेला आकडा रात्री चौघं बसून उठले की खाली येतो. बसायच्या आधी टेस्टची पट्टी बुडवून बघायला एक मिनिट लागत नाही.

ओझोनचं अर्धवट खरं आहे, नाकारत नाही. ओझोन जंतू मारतो, चांगला मारतो. पण जे पाणी त्याच्या नळीतून जातं तेवढंच, टबात बसलेल्या माणसाभोवतीच्या पाण्यात तो शिल्लक राहत नाही. यूव्हीचं, म्हणजे अतिनील किरणांच्या दिव्याचं, तेच. दोन्हींमुळे क्लोरीन किंवा ब्रोमीन कमी लागेल, बंद होणार नाही. आणि "मिठाचा टब" म्हणजे केमिकल नाही असं जे पुढे चिकटवलंय, तर ते यंत्र मिठापासून क्लोरीन किंवा ब्रोमीनच तयार करतं.

वासाचं उलटं आहे. डोळे चुरचुरवणारा तो वास बहुतेक वेळा क्लोरामाइनचा असतो, म्हणजे क्लोरीन घाम-लघवीतल्या नायट्रोजनला चिकटून निकामी झाल्याचा. वास आला म्हणून क्लोरीन बंद केलं तर ज्याची कमतरता आहे तेच तुम्ही काढून घेताय. आधी मोजा, मग झाकण उघडं ठेवून शॉक, म्हणजे एकदम मोठा डोस, द्या.

बेकिंग सोडा मात्र मान्य करायला लागतो. ‘अल्कलिनिटी’, म्हणजे पीएच जागेवर धरून ठेवायची पाण्याची ताकद, ती ‘वाढवणारं’ म्हणून डब्यात मिळतं ते बहुतेक वेळा सोडियम बायकार्बोनेटच, म्हणजे साधा खायचा सोडा. १,००० लिटरला साधारण १७ ग्रॅम टाकला की अल्कलिनिटी १० पीपीएमने वर जाते. इथे पैसे वाचवा, माझी ना नाही. बिनवासाचं, घट्ट न केलेलं साधं ब्लीचसुद्धा मुळात क्लोरीनच आहे, पण बाटलीत महिन्यागणिक त्याचा जोर उतरतो, त्यामुळे "अर्धी बाटली" या मापाला काही अर्थ नाही, आणि टेस्ट करणारच नसाल तर अजिबातच नाही. व्हिनेगर पाण्यात नको. पीएच उतरतो खरा, पण त्यातलं सेंद्रिय आम्ल हे जंतूंना खाद्य होतं. त्यासाठी ड्राय अ‍ॅसिड, म्हणजे सोडियम बायसल्फेट मिळतं.

वर्षातून एकदा पाणी! दर तीन-चार महिन्यांनी बदलायचं, वापर जास्त असेल तर त्याच्याही आधी. एक ढोबळ हिशोब असा की लिटरला १२ ने भागा, मग रोज बसणाऱ्या माणसांनी भागा, तेवढे दिवस. १,२०० लिटर आणि रोज दोघं, तर ५० दिवस.

तर पाणी भरायच्या आधी घरात काय हवं ते सांगतो, ताईने रद्द केलेली यादी हीच. ब्रोमीन, किंवा स्टॅबिलायझर नसलेलं क्लोरीन, दोन्ही नाही, एकच. टेस्ट किट, थेंबांचं मिळालं तर उत्तम, नाहीतर पट्ट्या, आणि पट्ट्यांची बरणी ओल्या हाताने उघडायची नाही. सोडा आणि ड्राय अ‍ॅसिड. शॉकसाठी क्लोरीनविरहित ऑक्सिडायझर, तो घामाचा मळ जाळतो पण जंतू मारायचं काम एकट्याने करत नाही हे लक्षात ठेवा. फिल्टर धुवायचं क्लीनर, जमलं तर जास्तीचा एक फिल्टर. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी असेल तर होजला लावायचा प्री-फिल्टर, नाहीतर लोह-तांब्यामुळे क्लोरीन पडताच पाणी तपकिरी-हिरवं होऊन बसतं. आणि पाइप साफ करायचं फ्लश. नवीन टबला कशाला, असं ताईनेही विचारलं. तर कारखान्यात बरेच टब पाणी भरून तपासतात, ते पाणी काढलं तरी पाइपच्या वळणांत थोडं राहतं, आणि टब तुमच्याकडे येईपर्यंत आठवडे जातात. तेवढ्यात आत चिकट थर धरतो, आणि त्या थराखालच्या जंतूंपर्यंत क्लोरीन नीट पोचत नाही. म्हणून पहिलं पाणी फ्लश टाकून फिरवायचं, सोडून द्यायचं, मग खरं पाणी भरायचं. आधी अल्कलिनिटी, मग पीएच, मग ब्रोमीन, आकडा बसेपर्यंत कुणी उतरायचं नाही. गोष्टी पाण्यात टाकायच्या, डब्यात पाणी ओतायचं नाही, आणि दोन डब्यांतलं काहीही, अगदी दोन वेगवेगळ्या प्रकारचं क्लोरीनसुद्धा, एकमेकांत मिसळायचं नाही, त्याने आग लागू शकते.

सासूबाईंबद्दल मी ताईला वेगळं सांगितलंय की आधी त्यांच्या छातीच्या डॉक्टरांना विचार, आकडे बरोबर असले तरी विचार. पाच वर्षांच्या आतल्या मुलांना तर सीडीसी हॉट टबमध्ये उतरवूच नका म्हणते, म्हणजे भाचीचाही प्रश्न मिटला.

ताईने काल ऑर्डर परत टाकली. टेस्ट किट मंगळवारी येतंय, त्यामुळे शनिवारचं पाणी भरणं पुढे ढकललंय, आणि ज्या ग्रुपवरून तिला तो मेसेज आला त्या ग्रुपवर हे सगळं ती आज टाकणार आहे, बादलीचं सगळ्यात वर.