गाडी उचलली, पण कशासाठी?

"अजून 2 इंच उचल की बे!" दर रविवारी गॅरेजवर गाडी उंच करून घ्यायला आलेल्या पोरांचं हेच ऐकून डोकं फिरलंय माझं. स्प्रिंगवर स्वस्तातला स्पेसर, म्हणजे गाडी वर उचलणारा ठोकळा, बसवायचा, शॉकअप जुनेच, ब्रेकचा पाइप ताणलेला, पुढच्या एक्सलचे जॉइंट तिरके फिरून त्यांच्यावरचे रबरी बूट फाटतात, चाकांची अलाइनमेंट तर कुणी करतच नाही. अरे मागचा डिफरन्शियल (चाकांना ताकद वाटणारा गिअरचा गोळा) सरळ एक्सलवर, एक्सल टायरवर, मग स्प्रिंग उचलून तो वर कसा जाईल? मोठे टायर टाकल्याशिवाय दगड तिथंच लागणार ना! वर गाडीचं वजन उंचावर गेलेलं, तरी तुळजापूरच्या घाटात ह्यांना जोरातच वळायचंय. आणि वर गेलेला हेडलाइटचा झोत खाली कोण करणार? सोलापुरात सात रस्त्याला समोरनं आले की दिसायचं बंद होतं. म्हाताऱ्या आईनं काय स्टूल घेऊन चढायचं? परवा माझ्या भावानंपण स्पेसर टाकून आणले, दिवसभर बोललो नाही त्याच्याशी.