फॉरेनर चालत नाहीत म्हणजे काय हो?

"मॅडम, आमच्याकडं फॉरेनर चालत नाहीत." संभाजीनगरच्या लॉजच्या काउंटरवर हे वाक्य ऐकून ऐकून माझं टाळकं सटकलंय. चालत नाहीत म्हणजे काय? पासपोर्ट हातात आहे, त्यावर व्हिसा आहे, पैसे रोख द्यायची तयारी आहे, आणि खोल्यांच्या चाव्या तुमच्या पाठीमागं ओळीनं लटकलेल्या आम्हाला समोर दिसायल्यात!

आमचं गाव गेवराई तालुक्यात. इथल्या संस्थेच्या कामाला परदेशातली लेकरं येतात आणि आमच्या घरी राहतात. सध्या दोन मुली आहेत. आठवडाभर शाळेतल्या पोरांना शिकवतात, आमच्या ताटातली भाकरी-पिठलं खातात, लाईट गेली की आमच्यासोबत अंगणात बसतात, टँकर आला की न सांगता घागर उचलतात. कधी कुरकुर नाही. अशा लेकरांना शनिवार-रविवार शहरात काढावा वाटला तर त्यात वावगं काय? मन भरेपर्यंत गरम पाण्यानं अंघोळ, घरच्यांशी मधेच न तुटणारा व्हिडिओ कॉल, वेरूळची लेणी, बीबी का मकबरा, जमलं तर आईसाठी एक हिमरू शाल. एवढीच त्यांची हौस.

मागच्या वेळी फोनवर "खोली आहे, या" म्हणाले. एसटीनं पोचलो, पाठीवर पिशव्या घेऊन काउंटरला उभे राहिलो, आणि मुलींचे चेहरे बघितल्याबरोबर "आत्ताच फुल्ल झालं." माझ्या भावानं तिथंच रस्त्यावर उभं राहून त्याच लॉजला फोन लावला. त्याला खोली मिळत होती! एसी पाहिजे का नॉन एसी, असंही विचारलं. पुढच्या दोन ठिकाणी तेच. एक खोली तर ॲपवर आगाऊ पैसे भरून घेतलेली, तिथंही हाकललं. पैसे परत मागायला ॲपवाल्यांना फोन केला तर ते हॉटेलकडं बोट दाखवतात, हॉटेल ॲपकडं.

आता यामागचं कारण सांगते, कारण खूप लोकांना वाटतं की परदेशी माणूस ठेवायला काही खास लायसन लागतं. तसं नाही. फॉर्म सी म्हणून ओळखला जाणारा एक सरकारी ऑनलाइन फॉर्म असतो. परदेशी पाहुणा मुक्कामाला आला की २४ तासांच्या आत त्याची माहिती त्यात भरायची. पासपोर्ट नंबर, व्हिसा नंबर, फोटो, कुठून आला, इथून कुठं जाणार. आधी एकदा आपल्या जागेची नोंदणी करून लॉगिन घ्यावं लागतं. फी काही नाही. आणि हा नियम फक्त हॉटेलांना नाही, घरी परदेशी पाहुणा ठेवला तरी लागू आहे. म्हणून आमच्या घरी तो मीच भरते, मोबाईलवर, चुलीवरचं दूध उतू जाणार नाही याकडं एक डोळा ठेवून. रेंज धड नसलेल्या खेड्यात बारावी शिकलेल्या बाईला जे जमतं, ते कॉम्प्युटर आणि पगारी मॅनेजर असलेल्या लॉजला जमत नाही?

"पोलिसांची कटकट नको" हे ठरलेलं उत्तर. अहो, फॉर्म भरला नाही तर कटकट आहे! भरला तर कसली? आम्ही इतकी लेकरं ठेवली, आम्हाला आजवर कुणी येऊन त्रास दिलेला नाही. खरं कारण आळस आहे. देशी गिऱ्हाईक मिळतंय ना, मग कशाला तेवढे रकाने भरा.

आणि हेच शहर पर्यटनाची राजधानी म्हणून मिरवतं. अजिंठा आणि वेरूळ १९८३ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत. वेरूळला आपल्याला तिकीट ४० रुपये, या मुलींना ६००. पंधरापट! त्यांनी ते मुकाट्यानं भरले आणि कैलास लेण्यापुढं उन्हाचं भान विसरून बसून राहिल्या. तिकिटाच्या खिडकीवर फॉरेनर चालतो. रिक्षावाल्याला चालतो, दुप्पट भाड्यानं. फक्त रात्री पाठ टेकायला चालत नाही.

त्या रात्री शेवटी एका महागड्या हॉटेलात खोली मिळाली. तिथं पाच मिनिटांत फॉर्म भरला, काही आभाळ कोसळलं नाही. पण या मुली काही पगारावर आलेल्या नाहीत, तिकिटाचे पैसे स्वतः साठवून आल्यात. त्यांचा महिन्याचा हातखर्च एका रात्रीत गेला. त्याआधी रात्रीच्या वेळी बसस्टँडच्या बाहेर उभं असताना धाकटीनं मला विचारलं, "ताई, आमचं काही चुकलं का?" मला उत्तर देता आलं नाही. लाज वाटली. माझ्या जिल्ह्यातल्या पोरांना शिकवायला सातासमुद्रापलीकडून आलेलं लेकरू, आणि त्याला असं वाटावं?

आता त्या म्हणायल्यात, पुढची सुट्टी पुण्यात काढू. तिथल्या हॉस्टेलनं फोनवरच पासपोर्टचे फोटो मागवून घेतले आणि लगेच हो म्हटलं. अजिंठा बघायचा राहिलाय त्यांचा, तरी जाणार पुण्याला. लॉजवाल्यांनो, तुम्हाला लॉगिन काढता येत नसेल तर बोलवा, एसटीचं तिकीट माझं मी काढते आणि काउंटरवर बसून शिकवते. पण खोली रिकामी असताना लेकरांच्या तोंडावर खोटं बोलू नका.