रॅपलिंगला 'नको' म्हणता येतं, मग शेअरिंगला का नाही?

परवा स्टाफरूममध्ये शेवटच्या वर्षाच्या मुलांच्या रिट्रीटची मीटिंग झाली आणि मी त्यात जरा जास्तच बोलले, तेव्हापासून दोघं-तिघं माझ्याशी मोजून मापून बोलतायत. तर म्हटलं इथे नीट लिहूनच टाकते, पोस्ट लांब होणारे, आधीच सांगते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. बऱ्याच ख्रिश्चन शाळांमध्ये सीनियर मुलांना शाळा सोडायच्या आधी तीन-चार दिवस बाहेर नेतात, दिवसा ट्रेक, रॅपलिंग (दोरीने कड्यावरून खाली उतरणं), कयाकिंग (छोटी होडी वल्हवणं) वगैरे आणि संध्याकाळी प्रार्थना, मौन, छोट्या ग्रुपमध्ये मनातलं बोलणं, म्हणजे शेअरिंग. मी स्वतः अशाच शाळेत शिकले, अशाच रिट्रीटला जाऊन आले आणि आता शिक्षिका म्हणून मुलांना घेऊन जाते. मला हा प्रकार मनापासून आवडतो, हे आधी लिहून ठेवते म्हणजे कमेंटमध्ये कोणी 'मिस विरोधात गेल्या' म्हणायला नको.

आता एक प्रसंग. एका वर्षी कड्यावर एक मुलगा हार्नेस (दोरी अडकवायचा अंगावरचा पट्टा) घालून, हेल्मेट लावून टोकापर्यंत गेला, खाली बघितलं आणि म्हणाला, मला नाही जमणार. इन्स्ट्रक्टरने एका शब्दाने टोचलं नाही. म्हणाला, बरं, मग तू खाली जाऊन बिलेवाल्याला, म्हणजे सुरक्षेची दोरी धरणाऱ्याला, मदत कर, दोरी कशी धरतात बघ. पोरगा गेला, दुपारभर दोरी सांभाळली, कोणी हसलं नाही. त्याच रात्री तोच मुलगा गोलात बसलेला, मेणबत्ती हातोहात फिरतेय, ज्याच्या हातात येईल त्याने मन मोकळं करायचं. त्याच्या हातात आली, तो म्हणाला 'पास'. आणि आमच्यातल्याच एकांनी अगदी प्रेमाने म्हटलं, अरे घाबरू नकोस, इथे सगळे आपलेच आहेत, आम्ही थांबतो. आणि खरंच थांबलो सगळे. वीस जणं त्याच्याकडे बघत गप्प. शेवटी बोलला बिचारा, घरातलं बोलला, जे बोलायला नको होतं ते बोलला, रडला, सगळ्यांनी मिठ्या मारल्या आणि आम्हाला वाटलं वा, काय सुंदर रात्र झाली. शाळा सुरू झाली तेव्हा ते सगळं कॉरिडॉरभर झालेलं होतं.

मी पण त्या गोलात होते. मी पण गप्प बसून वाट बघत होते, म्हणजे ढकलणाऱ्यांत मीही आलेच.

कड्यावर त्याला नाही म्हणता आलं कारण तिथे तसा नियम आहे. १९७० च्या दशकात प्रोजेक्ट ॲडव्हेंचर या अमेरिकन संस्थेच्या कार्ल रोन्की यांनी 'चॅलेंज बाय चॉइस' हे तत्त्व रुजवलं, म्हणजे आव्हान समोर ठेवायचं पण किती पुढे जायचं ते मुलाने ठरवायचं. बाकीचे काही नियम तर लोकांनी जीव गमावल्यावर आले. १९९३ मध्ये इंग्लंडमधल्या लाइम बे इथे शाळेच्या मुलांची कयाकिंग ट्रिप भरकटली, चार मुलं गेली, त्यानंतर १९९५ मध्ये तिथे मुलांच्या साहसी उपक्रमांसाठी वेगळा सुरक्षा कायदा झाला. आज आम्ही प्रत्येक कॅराबिनर (दोरी अडकवायची कडी) दोन जणांनी तपासतो, अँकरला, म्हणजे दोरी जिथे बांधतात त्या जागेला, बॅकअप असतो, हवा बिघडली तर कितीही तयारी झालेली असो ट्रिप रद्द. आणि संध्याकाळी त्याच मुलांना अर्धवट झोपेत, दमलेल्या अंगाने गोलात बसवून मनाच्या कड्यावरून खाली सोडतो, तिथे दोरी कोणाच्या हातात असते ते विचारायची कोणाची हिंमत नाही.

मीटिंगमध्ये फादर म्हणाले, "मिस, थोडं ढकलल्याशिवाय कोण उघडतं?" मुद्दा अगदीच खोटा नाही. पण मग मी संत इग्नेशियस, म्हणजे जेझुइट या ख्रिश्चन संघाचा संस्थापक, काढला (मीटिंगमध्ये संत काढले की लोक वैतागतात, माहितीये). १५२१ मध्ये स्पेनमधल्या पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडलेला हा सैनिक, पुढच्या वर्षी मॅनरेसाला राहिला, तिथे जे अनुभवलं त्याच्या नोंदी करत गेला आणि त्यातून 'स्पिरिच्युअल एक्सरसाइजेस' हे पुस्तक झालं, १५४८ मध्ये पोपची मान्यता मिळाली. आपल्या बऱ्याच रिट्रीटचं मूळ तिथेच आहे. पुस्तकाच्या सुरुवातीला रिट्रीट चालवणाऱ्यांसाठी आणि करणाऱ्यांसाठी २० सूचना आहेत. चौदावी म्हणते, माणूस भक्तीच्या उमाळ्यात असेल तर त्याला घाईने वचन किंवा शपथ घेऊ देऊ नका. पंधरावी म्हणते, रिट्रीट चालवणाऱ्याने तराजूच्या काट्यासारखं मधोमध राहायचं, इकडे-तिकडे ढकलायचं नाही, देवाला त्या माणसाशी थेट बोलू द्यायचं. आणि आम्ही काय करतो? शेवटच्या रात्री गिटार, मेणबत्त्या, पाय दुखतायत, डोळे सुजलेत, आणि कागद वाटतो, चला, देवाला आयुष्यभराचं वचन लिहा. मी स्वतः हे पुस्तक कितीतरी रिट्रीट घेऊन झाल्यावर वाचलं, सांगायला लाज वाटते.

मला माझं रिट्रीट आठवतं ना, त्यातलं शेवटच्या रात्रीचं काहीच आठवत नाही, सगळे रडत होते म्हणून मीही रडले असेन. आठवतं ते उतरताना अंधार पडला, टॉर्च एकच चालू, मी मागे आणि मैत्रीण पुढे, आणि ती अचानक पुढे बघतच म्हणाली की बाबा घर सोडून गेलेत. मी काही बोलले नाही, काय बोलणार, नुसतं 'दगड आहे, बघ' एवढंच म्हणाले. ती अर्धा तास बोलत होती. चालताना चेहरा दिसत नाही, गप्प बसलं तरी विचित्र वाटत नाही, थांबावंसं वाटलं तर बुटाची लेस बांधायचं निमित्त असतं. ग्रुपला बोलतं करणारा कुठला फॅसिलिटेटर हे जमवून आणेल?

आणि एलीया या संदेष्ट्याची गोष्ट बघा, बायबलमधल्या 'पहिले राजे' या पुस्तकाच्या १९ व्या अध्यायात. माणूस इतका खचलाय की झाडाखाली पडून मरण मागतोय. देवदूत येतो आणि विचारत नाही की बाबा रे तुला काय वाटतंय. उठ, खा, म्हणतो. भाकर, पाणी, परत झोप, परत उठवून परत खायला. मग ४० दिवस चालणं. बोलणं त्यानंतर, तेही एकट्याशी, आणि वारा, भूकंप, अग्नी सगळं होऊन गेल्यावर मंद आवाजात. आमच्या टाइमटेबलमध्ये झोप सगळ्यात शेवटी येते आणि सगळ्यात आधी कापली जाते.

अजून एक, जे मला जास्त खटकतं. आपण गोलाच्या सुरुवातीला सांगतो 'इथलं इथेच राहील'. हे खोटं आहे हो. एखाद्या मुलीने सांगितलं की घरी कोणीतरी लैंगिक त्रास देतंय, तर शिक्षक म्हणून मला ते पुढे कळवावंच लागेल, गप्प बसणं गुन्हा आहे. मग आधी वचन देऊन नंतर मोडायचं कशाला? सरळ सांगा की काही गोष्टी मी लपवू शकणार नाही. आणि वर्गात दुसऱ्या धर्माची मुलंही असतात, ती प्रार्थनेत मागे शांत बसतात ते ठीक, पण त्यांना मेणबत्ती देऊन 'येशू तुझ्या आयुष्यात कुठे आहे' विचारणं म्हणजे काय उत्तर अपेक्षित आहे आपल्याला?

मीटिंगमध्ये मी म्हटलं, गोल ठेवा पण 'पास' म्हणजे पास, कारण विचारायचं नाही. शेवटच्या रात्री दहाला दिवे बंद. वचनाचं पत्र घरी गेल्यावर लिहायचं, लिहायचं असेल तर. आणि एक तास सोलो, प्रत्येकजण आपल्या झाडाखाली एकटा, फोन नाही, गळ्यात शिट्टी, शिट्टी ऐकू येईल एवढ्याच अंतरावर, तीन वाजवल्या की आम्ही धावत. सोबत समुपदेशन शिकलेलं एक तरी माणूस, फर्स्ट एडवाला जसा असतो तसा.

'पास' मान्य झालं. सोलो पण, कारण खर्च नाही. दहाच्या झोपेवर मात्र मोठा वाद झाला, एक सर म्हणाले मग रिट्रीट आणि हॉस्टेलमध्ये फरक काय. फादर म्हणाले ती चौदावी सूचना दाखवा, तर मी पुस्तकात खूण घालून त्यांच्या टेबलावर ठेवून आलेय. आज सकाळी बघितलं, खूण तिथेच आहे, वर हजेरीचं रजिस्टर ठेवलंय. शनिवारी हार्नेस तपासायचेत, ते माझ्याकडेच आहेत.