नळदुर्गात गुप्तधन नाही, कुदळी खाली ठेवा

परवा रात्री साडेदहाला अणदूरहून आत्याचा फोन आला. तिचा नातू आणि त्याचे तीन मित्र संध्याकाळीच दोन गाड्यांवरून धाराशिव जिल्ह्यातल्या नळदुर्ग किल्ल्याकडे गेले होते. घरातली कुदळ, टिकाव आणि घमेलं जागेवर नव्हतं. "बाळा, तू किल्लेबिल्ले हिंडतोस, तूच सांग त्यांना. माझं कुणी ऐकंना," आत्या म्हणाली. पोरं पहाटे परतली. हाती काही लागलं नव्हतं, एकाच्या पायावर दगड पडून अंगठ्याचं नख गेलं होतं. एवढ्यावरच भागलं म्हणून आत्याने देवापुढे दिवा लावला.

हे सगळं एका फॉरवर्डमुळे. 'नळदुर्गाचे दडवलेले सत्य' नावाचा तो मजकूर गेल्या महिनाभरात मला निदान अकरा ठिकाणांहून आला आहे. ज्यांना आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. किल्ला नळराजाने दमयंतीसाठी ५००० वर्षांपूर्वी बांधला आणि ते 'कार्बन चाचणीत सिद्ध' झालं. नदीवरच्या बंधाऱ्यात बसवलेल्या पाणीमहालाचं रहस्य विज्ञानाला उलगडलेलं नाही. इंग्रजांनी किल्ला तोफांनी पाडला आणि नकाशांतून त्याचं नाव पुसलं. किल्ल्यातून तुळजापूरपर्यंत भुयार जातं. आणि शेवटी एका जुन्या नकाशाचा धूसर फोटो: एका बुरुजापाशी त्रिकोणाची खूण, शेजारी चार आकडी संख्या. खाली लिहिलंय की ही खूण म्हणजे आदिलशाही खजिन्याची जागा आणि आकडा म्हणजे त्याची खोली.

पोरं या शेवटच्या मुद्द्यापायी गेली, म्हणून तिथूनच सुरू करतो.

सर्वेक्षणाचे जुने नकाशे ज्याने दोन-चार वेळा तरी उलगडून पाहिले आहेत त्याला त्रिकोण म्हणजे काय ते माहीत असतं. ते त्रिकोणमितीय ठाणं. दुर्बीण लावून दूरची ठिकाणं हेरायला मोजणीदारांना चहूकडे मोकळी नजर जाईल अशी उंच जागा लागायची. टेकडी, देवळाचं शिखर, किल्ल्याचा बुरूज, जे उंच असेल ते. त्रिकोणाशेजारचा आकडा ही त्या जागेची समुद्रसपाटीपासूनची उंची, फुटांत. खोली नव्हे. आणि खोली असती तर काय झालं असतं ते त्या पोरांनीच मांडून पाहावं. हजारावर कितीतरी फूट, म्हणजे अर्ध्या किलोमीटरच्या आसपास अखंड काळ्या पाषाणात खाली जायचं. नळदुर्ग बेसाल्टच्या पठारातून बोरी नदीच्या दरीत पुढे घुसलेल्या सोंडेवर उभा आहे. पश्चिमेचा खंदकसुद्धा बहुतेक खडक फोडूनच काढला आहे. तिथे टिकाव मारला की ठिणगी उडते, माती निघत नाही. निघते ती फक्त बुरुजाच्या पायातली भर आणि चुना. पोरांनी नेमकं तेच उकरलं.

खजिना तिथे असेलच कशाला? नळदुर्ग ही राजधानी नव्हती. तो सरहद्दीवरचा किल्ला होता. एकीकडे विजापूरची आदिलशाही, दुसरीकडे अहमदनगरची निजामशाही, आणि दोघांच्या मधल्या रेषेवर हा. असल्या किल्ल्यावर धान्य, दारूगोळा, शिसं, वैरण आणि शिबंदी ठेवतात. आज ना उद्या वेढा पडणार हे माहीत असताना कोणता सुलतान आपलं सोनं तिथे पुरेल? १५८० मध्ये पहिला अली आदिलशहा मारला गेला, गादीवर नऊ वर्षांचा मुलगा आला आणि कारभार चांदबिबीच्या हाती गेला. ही संधी साधून निजामशाही आणि कुतुबशाही फौजांनी मिळून याच किल्ल्याला वेढा घातला. त्या काळचा फारसी इतिहासकार फिरिश्ता याने ते लिहून ठेवलंय. किल्लेदार हटला नाही, किल्ला पडला नाही. जुन्या कागदांतून नळदुर्गाचा खरा ऐवज काही निघत असेल तर तो हा आहे.

ज्याला कागद पाहायचे आहेत त्याने मेडोज टेलर वाचावा. १८५३ च्या तहात हैदराबादच्या निजामाने वऱ्हाड आणि रायचूर दुआबाबरोबर नळदुर्ग-धाराशिवचा मुलूखही ईस्ट इंडिया कंपनीला लावून दिला, आणि त्या मुलखाचा कारभार पाहायला आलेला हा अधिकारी नळदुर्गाच्या किल्ल्यातच राहिला. एक दिवस फोटो काढून गेलेला पाहुणा नव्हे, काही वर्षं तटाच्या आत घर करून राहिलेला माणूस. त्याचं आत्मचरित्र १८७७ साली, त्याच्या मृत्यूनंतर छापलं गेलं. त्यात नळदुर्गाचं जे वर्णन आहे त्याच्या तोडीचं मी दुसरं वाचलेलं नाही. हाच टेलर कर्नाटकातल्या सुरपूर भागातली महापाषाणयुगीन, म्हणजे मोठमोठे दगड मांडून केलेली प्राचीन दफनं स्वतः उकरून पाहून त्यांची मोजमापं लिहिणारा. खणायची हौस आणि लिहायची सवय दोन्ही असलेला माणूस किल्ल्यात राहतो, बुरूज न् बुरूज हिंडतो, आणि खजिन्याच्या खुणेबद्दल एक अक्षर लिहीत नाही. फॉरवर्ड लिहिणाऱ्याला मात्र मोबाईलच्या फोटोत ती दिसली!

कायद्याचंही सांगून टाकतो, कारण पोरांना तो माहीतच नव्हता. नळदुर्ग राज्य संरक्षित स्मारक आहे, तिथे खोदणं गुन्हा आहे. १८७८ चा निखात निधी कायदा आजही लागू आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीचं पुरलेलं धन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, घरी नेता येत नाही. आणि कुणी मांत्रिक सोबत घेऊन गुप्तधनासाठी अघोरी विधी करायला निघालं तर २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. पण मला कायद्यापेक्षा त्या बुरुजाची काळजी जास्त आहे. तटाचा पाया दीड हात उकरला की पहिल्या पावसात पाणी आत शिरतं, मधली भर वाहते, बाहेरचे घडीव दगड पोटातून सुटतात आणि एक दिवस अख्खी भिंत दरीत जाते. निजामशाहीच्या तोफांना जे जमलं नाही ते चार पोरं आणि एक कुदळ करू शकते.

आता इंग्रजांचं. इंग्रजांनी महाराष्ट्रातले अनेक किल्ले १८१८ नंतर निकामी केले हे खरं आहे, आणि त्याबद्दल राग असायलाच हवा. पण नळदुर्ग तेव्हा निजामाकडे होता. टेलरने १८५३ मध्ये पाहिलं तेव्हा तट आणि बुरूज उत्तम स्थितीत होते. आतलं गाव मात्र आधीच मोडून पडलेलं होतं, जवळजवळ सगळा अंतर्भाग पडक्या भिंतींनी भरलेला आणि मधून एक रुंद रस्ता. दक्षिण बाजूच्या तटावर त्याला तोफगोळ्यांच्या खुणा आणि बुजवलेली खिंडारं दिसली, आणि ती आदिलशाही-निजामशाही वेढ्यांची आहेत असं त्याने स्पष्ट लिहिलंय. म्हणजे ज्या खुणा दाखवून हा मजकूर इंग्रजांना दोष देतो त्या इंग्रज येण्याच्या कितीतरी आधीच्या.

नाव पुसल्याचा आरोप तर वाचवत नाही. ज्या किल्ल्याच्या नावाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत अख्खा जिल्हा ओळखला जायचा, त्याचं नाव पुसलं म्हणे! १८६० मध्ये मुलूख निजामाला परत मिळाला तरी जिल्ह्याचं नाव नळदुर्गच राहिलं, मुख्यालय उस्मानाबादेला गेलं ते नंतर. मग लोकांना जुन्या नकाशात नाव का सापडत नाही? कारण ते आजच्या इंग्रजी स्पेलिंगने शोधतात. त्या काळी 'अ'साठी यू आणि 'उ'साठी दोन ओ लिहायची पद्धत होती, पुण्याच्या जुन्या स्पेलिंगमध्ये होते तसे. त्यामुळे किल्ला नकाशावर 'नलद्रूग' वाचला जाईल अशा अक्षरांत आहे, कुठे शेवटी 'ड्रग' आहे. फारसी तवारिखांत तर हाच किल्ला शाहदुर्ग नावानेही येतो. मला हे कळायला दोन वर्षं लागली. नळदुर्ग, नलद्रूग, शाहदुर्ग ही तिन्ही नावं एकाच जागेवर नेऊन ठेवली तेव्हा वेढ्याची हकिकत, तहाचा कागद आणि नकाशा एकमेकांना जुळले. नाव कुणी पुसलं नव्हतं, मीच चुकीच्या अक्षरांत शोधत होतो.

पाणीमहालाबद्दल 'विज्ञान हरलं' हे वाक्य वाचून मला सगळ्यात वाईट वाटतं, कारण ते ज्याने बांधलं त्याचा अपमान आहे. पाणीमहालात फारसी शिलालेख आहे. काळ हिजरी १०२२, म्हणजे इसवी सन १६१३, राज्य दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाचं, आणि बांधणाऱ्याचं नाव मीर मुहंमद इमादीन. आपल्याकडे किती जुन्या बांधकामांवर कारागिराचं नाव टिकलं आहे? इथे आहे, तर आपण म्हणायचं की कुणालाच कळत नाही हे कसं केलं.

त्याने काय केलं ते समोर दिसतं. नळदुर्ग आणि पलीकडचा त्याचा जोडकिल्ला रणमंडळ यांच्यामध्ये बोरी नदीवर दगड-चुन्याचा जाडजूड बंधारा घातला आणि त्या जाडीच्या पोटातच महाल कोरल्यासारखा बसवला. पूर आला की पाणी सांडव्यांवरून, ज्यांना आपण नर आणि मादी म्हणतो, पुढे झेपावतं आणि भिंतीपासून सुटून खाली पडतं. महालाच्या झरोक्यात उभं राहिलं की पाण्याचा पडदा समोर, आपण दगडाच्या आत कोरडे. सांडवा किती पुढे काढायचा, किती पाणी त्यावरून जाऊ द्यायचं, भिंत किती जाड ठेवायची हा त्याचा हिशेब होता, आणि चुना चांगला मळलेला होता. चारशे वर्षं टिकलेला हा हिशेब चमत्कार म्हणून बाजूला सारू नका. लहानपणी भर पावसाळ्यात वडिलांनी मला तिथे नेलं होतं. नराचा आवाज छातीत घुमत होता आणि वडील मला पाण्याकडे नव्हे तर दगडांच्या सांध्यांकडे बोट दाखवत होते. बंधारा १५५८ मध्ये पहिल्या अली आदिलशहाने बांधला असं टेलर म्हणतो. इथे मी टेलरपेक्षा दगडावरची अक्षरं मानतो. नव्वद फुटांहून उंच बुरूज, म्हणजे आपला उपळ्या बुरूज, त्याने अलीच्याच नावावर घातला आहे.

राहिलं नळराजाचं. कार्बन चाचणी लाकूड, कोळसा, हाड अशा सजीवांपासून आलेल्या वस्तूंची होते. तटाच्या दगडाची ती करताच येत नाही, आणि दगडाचंच वय विचाराल तर दख्खनचा बेसाल्ट साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आहे. त्यावरून किल्ला कधी बांधला ते कळत नाही. तरीही एक गोष्ट मान्य करावी लागते, मनात नसलं तरी. किल्ला फक्त सुलतानांचा नाही. बहामनींनी इथे दगडी तट उभारण्याआधी मातीचा कोट होता आणि तो कल्याणीच्या चालुक्यांच्या एखाद्या मांडलिकाकडे असावा असं टेलरही म्हणतो. पण त्याच दमात तो कबूल करतो की त्या काळाचा खात्रीचा माग त्याला लागला नाही. नळ-दमयंती आणि खंडोबाची कथा आमच्या घरात पिढ्यान्पिढ्या सांगितली जाते. देव सव्वादहा महिने अणदूरला आणि पावणेदोन महिने नळदुर्गाला असतो, आणि मूर्ती निघाली की आत्या आजही अनवाणी वेशीपर्यंत जाते. ती कथा मला प्रिय आहे. तिला खोट्या चाचणीचा आधार द्यायची गरज नाही, आणि तो देणारा माणूस कथेवर प्रेम करत नाही.

भुयाराबद्दल एवढंच. तुळजापूर तिथून तीसेक किलोमीटर आहे आणि सगळा खडक आहे. प्रत्येक किल्ल्याखाली असलं भुयार सांगतात. मी आजवर एकही आरपार गेलेलं पाहिलेलं नाही.

काल मी अणदूरला जाऊन आलो. नातवाला जवळ बसवून मोबाईलवर त्याच नकाशातले बाकीचे त्रिकोण दाखवले. एक दूरच्या टेकडीवर होता, एक माळावर. "मग इथे पण खजिना?" मी विचारलं. तो गप्प बसला, मग म्हणाला, "काका, तो खड्डा तसाच आहे. बुजवून येऊ का?" मी नको म्हटलं. परत हात लावायचा नाही, पुरातत्त्व खात्याला कळवायचं आणि जागा दाखवायची. सोमवारी तो, त्याचे वडील आणि मी जाणार आहोत. त्याच्या मित्रांपैकी दोघं येतो म्हणालेत. तिसऱ्याने अजून फोन उचललेला नाही.