गंज माझा, कोटिंग काकांचं

‘सकाळच्या वेळी पार्किंगमध्ये लोखंड वाजवणाऱ्यांनी तारतम्य बाळगावं. कुणाचं नाव घेत नाही.’ इमारतीच्या ग्रुपवर हा मेसेज आला आणि त्याखाली माझा फोटो. दोन्ही हातांत मोटरसायकलची पेट्रोलची टाकी, डोळे मिटलेले, तोंड उघडं. पाठोपाठ भराभर अंगठे उमटले. त्यात ज्यांच्या बाळाचं रडणं मी विनातक्रार ऐकत आलो, त्यांचाही होता.

प्रकरण साधं होतं. जुनी कार्ब्युरेटरवाली गाडी, अर्ध्या टाकीवर बरेच महिने उभी. टाकीतल्या मोकळ्या जागेत हवा असते, हवेत बाष्प असतं, रात्री पत्रा गार पडला की ते आतून थेंब धरतं. वर पेट्रोलात इथेनॉल. १० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल साधारण ०.५ टक्का पाणी मुकाट पोटात घेतं. त्यापुढे मात्र इथेनॉल पेट्रोलची साथ सोडतं आणि पाण्याबरोबर तळाशी जाऊन बसतं. मग पत्रा गंजतो, विटकरी भुकटी टाकीखालच्या पेट्रोलच्या कॉकच्या जाळीतून निसटून कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकात, अडकते आणि गाडी भर चौकात मान टाकते. मागचे लोक हॉर्न वाजवतात. त्यांना तारतम्य बाळगा असं कुणी म्हणत नाही.

तर टाकी उतरवली, आत मूठभर नटबोल्ट टाकले आणि गंजाचे पोपडे सुटावेत म्हणून घुसळायला लागलो. तेवढ्यात तळमजल्यावरचे काका आले. काकांनी आयुष्यात मोटरसायकल चालवलेली नाही. त्यामुळे त्यांच्या मतांना अनुभवाचा कसलाही अडथळा होत नाही.

“गंज?”

“हो काका.”

“आतून कोटिंग मारून टाका. सील.”

“पण टाकी गळत नाहीये.”

“म्हणूनच! गळायला लागल्यावर मारून काय उपयोग?”

त्यांनी टाकी माझ्या हातातून घेतली, मोबाइलचा टॉर्च लावला आणि झाकणाच्या भोकाला डोळा लावला. “चकचकीत आहे की!” आता मोटरसायकलची टाकी फ्रेमच्या नळीच्या दोन्ही अंगांनी खाली उतरलेली असते. गंज साचतो त्या दोन कप्प्यांच्या तळाशी, शिवणीच्या कडेला, आणि भोकातून दिसतो मधला उंचवटा. हे मी समजावून सांगत होतो आणि काका टाकी कानाशी धरून हलवत होते. “आत काहीतरी वाजतंय,” ते म्हणाले.

“नटबोल्ट आहेत. मी टाकलेत.”

“हं. तेही गंजतील.”

मग गच्ची निघाली. गच्चीचं वॉटरप्रूफिंग काकांच्या देखरेखीखाली झालं होतं, त्याचा दाखला त्यांनी दिला. मी म्हटलं, “काका, गच्ची अजून गळते.”

“गळते. पण आता कुठून गळते ते कळत नाही. म्हणजे कोटिंग किती पक्कं असेल!”

खरं तर टाकीच्या कोटिंगवरचा माझा सगळा आक्षेप या एका वाक्यात आला. कोटिंगखाली गंज चालू राहिला तर दिसत नाही. ते धरतं फक्त स्वच्छ, तेलाचा अंश नसलेल्या, ठणठणीत कोरड्या पत्र्यावर. डब्यावरच्या सूचनेत लिहिलेलं असतं ‘पृष्ठभाग पूर्ण स्वच्छ व कोरडा करावा’. जणू पृष्ठभाग टेबलावर पसरून ठेवलाय. आत हात जात नाही हो! एक कोपरा राहिला की तिथून ते सुटतं, पापुद्रे होतात आणि कॉकवर जाऊन बसतात. गंजाची भुकटी निदान जाळीत थोडीफार अडते. पापुद्रा पेट्रोलच अडवतो. तो काढायला जे जालीम द्रावण लागतं, ते बाहेर ओघळलं तर रंगही खातं. काही कोटिंगं तर इथेनॉलने मऊ पडतात. आणि वापरलेली गाडी विकताना गंजावरच जाडसर थर ओतून ‘टाकी आतून नव्यासारखी’ म्हणणारे लोक असतात, त्यांच्याबद्दल मी इथे लिहू शकत नाही; भाषा बिघडते.

पत्र्याला बारीक भोकं पडली असतील आणि दुसरी टाकी मिळतच नसेल, तर एपॉक्सीचं कोटिंग जरूर करावं. झाकणाचं हवेचं भोक बुजू देऊ नये, कॉकचे आटे झाकून घ्यावेत. टाकी वेल्डिंगला नेऊ नये. एका शेजाऱ्याने तेही सुचवलं, “रिकामीच तर आहे.” रिकाम्या टाकीत पेट्रोलची वाफ असते आणि तिचाच भडका उडतो.

दुसऱ्या दिवशी सायट्रिक ॲसिड रात्रभर ठेवून ओतून टाकलं. आतला पत्रा करडा, स्वच्छ. खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुतला. आता लगेच गरम हवेने वाळवून तेलाचा हात फिरवायचा असतो, कारण उघडा ओला पत्रा बघता बघता पुन्हा तांबूस होतो. नेमके तेव्हाच काका खुर्ची घेऊन आले. गच्चीच्या कंत्राटदाराने सिमेंटमध्ये काय काय घातलं, ते पहिल्यापासून सांगायला लागले. हेअर ड्रायर माझ्या हातात, प्लग त्यांच्या खुर्चीमागे. “काका, जरा सरकता का?” “सरकतो. आधी हे ऐका.”

प्लग लागला तोवर आत केशरी झाक धरली होती. काकांनी टॉर्च मारला. “बघा! आला परत. मी काय म्हणत होतो?”

पुन्हा ॲसिड, पुन्हा सोडा. या वेळी दार लावून घरात केलं. टाकी काठोकाठ भरली, नळीत बारीक फिल्टर घातला, गाडी पहिल्या किकला सुरू झाली. वास येतो म्हणून घरचे माझ्याशी मोजकंच बोलतात.

संध्याकाळी बेल वाजली. काका. “ते कोटिंग मागवलंय तुमच्यासाठी. उद्या येईल. परत घेत नाहीत म्हणे.”

“काका, मला नकोय.”

“राहू द्या मग. गच्चीला मारतो. पैसे मात्र तुम्हीच द्या, तुमच्यासाठीच मागवलं होतं.”