आहेराची वही जपून ठेवतो, मग नॉमिनीचा फॉर्म का नाही?

परवा आईच्या कपाटातून माझ्या लग्नाची आहेराची वही निघाली. लाल पुठ्ठ्याची, पहिल्या पानावर श्री गणेशाय नमः, आणि खाली कोणी १०१ दिले, कोणी पातेलं, कोणी टॉवेल-टोपी, अमळनेरच्या आत्याने पैंजण, सगळं गावाच्या नावासकट. चौदा वर्ष झाली तरी वही जागेवर आहे, कोणाकडे लग्न निघालं की आई ती काढून बघते की त्यांनी आपल्याला काय लावलं होतं. आणि त्याच्याही आधी सुपारी फुटली तेव्हा यादी झाली होती, दोन्हीकडची मंडळी ओसरीवर बसून, किती तोळे, मांडव कोणाचा, जेवण कोणाकडे, सगळं कागदावर आणि खाली सह्या. तेव्हा कोणालाच ते अभद्र वाटलं नाही.

मग लग्नानंतर नवराबायकोने बसून पीएफला कोणाचं नाव आहे, विमा कोणाच्या नावावर, आपल्यातलं कोणी गेलं तर मागे काय आणि कोणाला, हे लिहायला काढलं की लगेच "आसं अभद्र कसाले बोलस वं माय" का होतं? हळद उतरली नाही अन् मरणाच्या गोष्टी, असं म्हणतात. मला हे आता अजिबात पटत नाही, आणि का पटत नाही ते सांगते, थोडं मोठं झालंय पण ज्यांच्या घरी यावर्षी लग्न झालंय त्यांनी शेवटपर्यंत वाचा.

माझा मामेभाऊ गेला तेव्हा लग्नाला चौदा महिने झाले होते. नाशिकला कंपनीत होता, गावाकडे यायला निघाला आणि हायवेवर अपघात झाला. मूल नव्हतं. वहिनी सव्वीस वर्षांची. दशक्रिया झाल्यावर तिसऱ्या दिवसापासून कागद शोधायला सुरुवात झाली, आणि त्या कागदांनी त्या घराचं जे केलं ते मी डोळ्यांनी बघितलंय.

भाऊ बावीस वर्षांचा असताना नोकरीला लागला, तेव्हा पीएफच्या फॉर्मवर मामाचं नाव टाकलेलं. विम्याची पॉलिसी त्याच सुमाराची, त्यावर मामीचं नाव. साहजिक आहे, तेव्हा बायको कुठे होती? लग्न झाल्यावर ते बदलायचं राहून गेलं. बँकेच्या खात्याला तर नॉमिनीच नव्हता. आणि लग्नानंतर सहा महिन्यांनी फ्लॅट घेतला त्याच्या कर्जाला मात्र वहिनीची सही, सहकर्जदार म्हणून. म्हणजे विम्याचे पैसे मामीच्या खात्यात आले आणि हप्ता वहिनीच्या नावावर राहिला.

पीएफ ऑफिसात मामांना सांगितलं की लग्नाआधीचं नॉमिनेशन लग्न झालं की आपोआप रद्द धरतात. नियम तसाच आहे, १९५२ च्या पीएफ स्कीममध्येच लिहिलंय, कुटुंब नसताना कोणाचंही नाव टाकलं असेल तर कुटुंब झाल्यावर ते नाव बाद आणि नवीन भरायचं. पण मामांना वाटलं की माझ्या पोराने स्वतःच्या हाताने माझं नाव लिहिलं आणि हे लोक ते खोडताहेत, आणि हे सुनेनेच करवलं. ज्या सुनेला ते आल्या दिवसापासून बेटा म्हणत होते तिच्याशी बोलणं बंद. मामी वाईट नाही हो, मामी चुलीपुढे बसून एवढंच म्हणायची, "मना आंडोर (मुलगा) गया, आते हाई पैसाले काय करू मी?" पण तिला सह्या करायला लावणारे दुसरेच होते.

वहिनीचं आणखी एक. आधारवर माहेरचं नाव, पॅनवर माहेरचं नाव, लग्नाची नोंदणीच केलेली नव्हती. पत्रिका होती, फोटोंचा अल्बम होता. एका प्लास्टिकच्या पिशवीत तो एवढा जाड अल्बम घेऊन ती बँकेच्या बाकावर बसलेली मला अजून दिसते. काउंटरवरच्या माणसाने तो उघडलासुद्धा नाही. मॅरेज सर्टिफिकेट आणा म्हणाला. आता नवरा गेल्यावर ते कुठून आणायचं? शेवटी कोर्टातून वारसा प्रमाणपत्र, त्यासाठी अर्ज, पेपरात जाहीर नोटीस, तारखा. आणि गावात जो तो सांगायचा की तलाठ्याकडे वारस नोंद केली की झालं. ती नोंद सातबाऱ्यासाठी असते, बँक ती धरत नाही, हे आम्हाला दोन महिने हेलपाटे मारल्यावर कळलं.

म्हणून पहिली गोष्ट, लग्नाची नोंदणी करा, ९० दिवसांच्या आत. गावात ग्रामसेवकच ती करतो, जळगाव-धुळ्याला जायची गरज नाही.

दुसरं नॉमिनीचं, आणि इथे बहुतेकांचा गोंधळ आहे, माझाही होता. नॉमिनी म्हणजे मालक नाही. बँक, शेअर्स, म्युच्युअल फंड इथे नॉमिनीने पैसे हातात घ्यायचे आणि खरे वारस जे असतील त्यांना द्यायचे. शेअर्सबाबत सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा हेच सांगितलं. विम्यात २०१५ ला दुरुस्ती झाली, आईवडील, नवराबायको, मुलं यांच्यापैकी कोणी नॉमिनी असेल तर पैसा त्यांचाच असं त्यात आलं, पण त्यावरूनही लोक कोर्टात भांडतातच. थोडक्यात नॉमिनी असला की पैसे लवकर निघतात, ते शेवटी कोणाचे हे (विम्याचा वरचा अपवाद सोडून) ठरतं मृत्युपत्रावर, आणि मृत्युपत्र नसेल तर वारसा कायद्यावर. बँकेत आता नोव्हेंबर २०२५ पासून चार नॉमिनी टाकता येतात, टक्के वाटून. म्हणजे आई की बायको असा पेच राहिलेलाच नाही, दोघींची नावं टाका! पीएफचं तर यूएएनवरून (पीएफचा तुमचा नंबर) मोबाईलवर होतं. पीएफबरोबर जो विमा असतो तो कमाल ७ लाखांपर्यंत जातो, आणि कित्येक पोरांना तो आहे हेच माहीत नसतं.

आता कायदा काय म्हणतो ते. हिंदू वारसा कायदा १९५६ चा. नवरा मृत्युपत्र न करता गेला आणि मूल नसेल तर त्याच्या स्वतःच्या कमाईत बायको आणि आई, दोघी सारख्या वारस. वडील पहिल्या वर्गात येत नाहीत. हे मामांना वकिलाने सांगितलं तेव्हा ते खुर्चीत बसूनच राहिले.

आणि बायको गेली तर? हे मला कळलं त्या रात्री मी झोपले नाही. बाईची स्वतःची कमाई, मृत्युपत्र नाही, मूलबाळ नाही, नवराही नाही, तर ती आधी नवऱ्याच्या वारसांना जाते, तिच्या आईबापाचा नंबर त्यांच्या नंतर. आईबापाकडून वारशाने आलेलं असेल तर ते माहेरी परत जातं, पण स्वतः कमावलेलं नाही. २००९ ला सुप्रीम कोर्टात असं प्रकरण झालं, लग्नानंतर तीन महिन्यांत नवरा साप चावून गेला, सासरच्यांनी बाईला हाकलून दिलं, माहेरी राहून ती शिकली, नोकरी केली, आणि ती गेल्यावर तिची कमाई नवऱ्याच्या बहिणीच्या मुलांना मिळाली. कोर्टाने सांगितलं की वाईट वाटतं पण कायदा असा आहे.

आता आमच्याच घरचं बघा. माझ्या धाकट्या भावाचं लग्न याच सीझनला झालं. त्याची बायको पुण्यात नोकरी करते, रावेर तालुक्यातली, एकुलती एक मुलगी. तिच्या वडिलांनी केळीच्या पैशातून तिला इंजिनिअर केलं, एका वर्षी वादळात बाग आडवी झाली तरी फी भरली. उद्या देव न करो पण दोघांचं काही झालं तर तिच्या पगारातून साठलेले पैसे माझ्या आईला मिळतील, तिच्या आईला नाही. आम्हाला मिळतील! मी ते भावाला तोंडावर सांगितलं की मला हे मान्य नाही. नवीन लग्न झालेल्या, कमावत्या प्रत्येक मुलीला माझं हात जोडून सांगणं आहे, तुझं मृत्युपत्र तू कर. नवऱ्यावर अविश्वास म्हणून नाही, ज्यांनी वाढवलं त्यांचं नाव कुठेतरी लिहिलेलं असावं म्हणून.

मृत्युपत्र म्हटलं की लोकांना म्हातारा, पलंग, वकील असं काहीतरी दिसतं. ते साध्या कागदावर होतं, स्टॅम्प लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही (पण करा, दुय्यम निबंधकाकडे होते, पुढे कोणी खोटं आहे म्हणायला नको). तुमची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या, तुम्ही सही करताना त्यांनी बघितलेलं पाहिजे. साक्षीदार असे घ्या की ज्यांना त्यात काही मिळणार नाही, आणि जमलं तर वयाने तुमच्यापेक्षा लहान. मूल झालं, घर घेतलं की नवीन करा, शेवटचं असतं तेच धरतात. नंदुरबार-शहाद्याकडच्या आमच्या भिल्ल-पावरा भावाबहिणींना मात्र १९५६ चा कायदा आपोआप लागू नाही, तिथे वारशाला रूढी धरतात, म्हणून त्यांनी तर लग्न झाल्याझाल्या वकिलाशी बोलूनच घ्यावं.

पोरांनो, टर्म इन्शुरन्स घेणार असाल तर फॉर्म भरतानाच विचारा की एमडब्ल्यूपी ॲक्टखाली करता येईल का. १८७४ चा कायदा आहे, विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा. त्याखाली बायकामुलांसाठी घेतलेल्या पॉलिसीच्या पैशाला, ज्यांचं कर्ज तुमच्यावर आहे ते हात लावू शकत नाहीत. आपल्याकडे कापसाच्या धंद्यात, ट्रॅक्टरच्या कर्जात, सोसायटीच्या बोज्यात अडकलेली घरं किती आहेत ते सांगायला नको. आणि ज्यांना मोठा विमा परवडत नाही त्यांनी निदान बँकेतून वर्षाला ४३६ रुपये कापले जाणारा २ लाखांचा प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा घ्या, तो चालू आहे की नाही ते पासबुकात बघा, कारण खात्यात पैसे नसले की तो गुपचूप बंद पडतो.

जमिनीचं वेगळं लिहावं लागेल कधीतरी. एवढंच सांगते, शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्ती काढली तेव्हा हजारो शेतकऱ्यांनी राजीखुशीने बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावलं, मग सरकारनेही १९९२ ला त्याचं परिपत्रक काढलं. माझ्या मोठ्या काकांनी तेव्हा काकूंचं लावलं होतं. लोक त्यांना बाईलवेडा म्हणाले. काका गेल्यावर त्या काकूंना एकदाही कोणापुढे हात पसरावा लागला नाही.

सोनं तर आपल्या जळगावचं, त्यावर सगळ्यांचा जीव. पण पावत्या कोणाच्या नावाने आहेत? माहेरून आलेलं, सासरच्यांनी घातलेलं, ते स्त्रीधन, ते तिचंच. एक यादी करा, वजनासकट, तोळे-ग्रॅम, पावतीचा फोटो, दोघांच्या मोबाईलमध्ये.

आमच्या भावाने काय केलं ते सांगते. मनुदेवीच्या दर्शनाला जाऊन आल्यावर तिसऱ्या दिवशी दोघं ओट्यावर बसले. आई आधी घरात निघून गेली, रागावून. मी तिच्यामागे गेले, तिला वहिनीच्या त्या अल्बमची आठवण करून दिली फक्त. ती थोड्या वेळाने बाहेर आली, काही बोलली नाही, कपाटातून त्यांच्या लग्नाची नवीकोरी आहेराची वही आणून दिली आणि म्हणाली मागची पानं कोरी आहेत. तिथे त्यांनी लिहिलं, खाती, पॉलिसी, पीएफ, कर्ज, कोणाचे उसने द्यायचेत, सोसायटीतल्या ठेवी, मोबाईलचा पासवर्ड कोणाला माहीत आहे. बँकेच्या नॉमिनीत त्याने बायको आणि आई, तिने नवरा आणि तिची आई. पाऊण तास लागला.

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) लेकी माहेरी येतील, झोका बांधला जाईल, मांडे होतील, तेव्हा दुपारी सगळे सुस्तावलेले असताना घरच्या नव्या जोडप्यांना हे विचारा. वकिलाची फी परवडत नसेल तर तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, १९८७ च्या कायद्याने बाईला तिथे वकील फुकट मिळतो, उत्पन्नाची अट नाही. वहिनीला हे पहिल्या महिन्यात कोणी सांगितलं असतं तर तिचे दागिने मोडले नसते. फॉर्म भरताना कोणी अडलं तर खाली लिहा, मला येतं तेवढं मी सांगेन, आणि मुलीला विचारायला संकोच वाटत असेल तर तिने मला इनबॉक्सला विचारावं.